त थ द ध न

हडर्सफील्डच्या दवाखान्यात नाव नोंदवून
तेरा महिने झाले, तेव्हा कुठं पत्र आलं.
तोवर वरचे पुढचे दोन गेलेच होते.
एक टोस्टच्या कडेवर.
दुसरा काहीच न खाता,
रविवारी दुपारी शब्दकोडं सोडवताना
अलगद जिभेवर आला.
आधी वाटलं, बोराची बी.
बोरं खाऊन चाळीस वर्षं झाली.

दातांची डॉक्टरीण तरुण, पोलंडकडची.
आरसा धरून एकेक दाखवत गेली:
हिरड्या मागं सरल्यात, मुळं उघडी पडलीत.
रक्तदाबाच्या गोळीनं तोंड कोरडं पडतं,
लाळ आटली की दातांना राखण उरत नाही.
आणि दात गेला की खालचं हाडही झिजतं,
त्याला काम नसतं ना.
वयाबरोबर व्हायचंच थोडं, म्हणाली, हळू आवाजात.
त्या आवाजात हेच वाक्य
मी किती जणांना सांगितलं होतं,
दुसऱ्या कुठल्या कुठल्या अवयवांबद्दल.

एकोणीसशे त्र्याहत्तर. रात्रपाळी. बायकांचा वॉर्ड.
दिवे मंद करण्याआधी मी ट्रॉली फिरवायची.
प्रत्येकीला एक पेला,
पेल्यावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव:
सायक्स. हर्स्ट. आर्मिटेज.
मग रात्रभर खिडकीखाली
पाण्यात बुडालेल्या कवळ्यांची रांग,
आणि खाटांवर अचानक म्हाताऱ्या झालेल्या बायका.

मिसेस आर्मिटेज पेला देताना तोंडावर हात धरायच्या.
एकदा म्हणाल्या, एकविसाव्या वर्षीच काढले सगळे.
चांगले होते की.
लग्न ठरलं होतं, वडलांनी पैसे भरले,
म्हणजे नवऱ्याला पुढं खर्च नको.
मी कऱ्हाडकडची,
देण्याघेण्याच्या याद्या ऐकत वाढलेली,
पण हे कलम मला नवं होतं.
तेव्हा माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर.
मी हसले नाही त्यांना.
पण दात दिसले असतील.

पन्नास वर्षांत इथल्या कुणाला माझं नाव जमलं नाही.
यांचा द दातांना लागतच नाही,
वर कुठंतरी आपटतो आणि ड होऊन परत येतो.
डमयंटी. मग नुसतीच सिस्टर डी.
एक अच्युत तेवढा,
बाहेर थंडीत किल्ली सापडेना की दारातून हाक मारायचा,
जिभेचं टोक दातांना नीट टेकवून.
तो गेल्यावर ते नाव
फक्त माझ्याच तोंडात उरलं होतं.

आणि मागच्या हिवाळ्यात
बँकेच्या पोरानं फोनवर तीनदा विचारलं,
नाव काय म्हणालात?
जीभ पुढं गेली, टेकायला काही नव्हतं.
नुसता वारा.

आता कवळी आली आहे.
हिरड्या भलत्याच गुलाबी,
माझ्या कधी नव्हत्या अशा.
पहिले चार दिवस तोंडात कुणीतरी परकं राहायला आलेलं.
लाळेला पूर. ओकारी. भाताचं शीत अडकलं तरी कळ.
घरात चण्यांचे चार डबे, त्यांच्याकडं बघायचं नाही.
मोठ्यानं वाचा काहीतरी, डॉक्टरीण म्हणाली,
सवय होईल.

वाचायला काय घेऊ?
मोरीपाशी उभी राहिले.
बाहेर शेजारचा ब्रायन कचऱ्याचे डबे ओढत होता.
त.
थ, थुंकीसकट.
द निसटला, पुन्हा निसटला.
ध तर शिट्टीच.
न आला, तो निम्मा नाकातून येतो,
त्याचं दातांवाचून फारसं अडत नाही.
परत पहिल्यापासून.
दही. दगड. दादा. दुधी.
ब्रायननं मान वर करून पाहिलं, हात केला.

अकरा वाजता द लागला.
मग बराच वेळ गप्प राहिले,
आणि एकदाच म्हटलं, पूर्ण, सावकाश.

रात्री कवळी काढली, पेल्यात ठेवली.
ड्रॉवरमध्ये चिकटपट्टी सापडली,
पिवळी पडलेली, पण चिकटणारी.
घरात दुसरं कुणी नाही
जिच्याशी अदलाबदल व्हावी.
तरी पेनाचं टोपण काढलं,
आणि लिहिलं,
मराठीत.